सरकारी नोकरीची पडताळणी आणि डोक्यावरचे कर्ज : या चुका टाळा

वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये, दाबोळीच्या नौदल तळावर किंवा पर्वरीच्या सचिवालयात निवड झाल्याचे पत्र आले की घरी पेढे वाटले जातात, आणि मग कोणाला तरी आठवते की चारित्र्य पडताळणी अजून व्हायची आहे. येथे पहिली चूक होते ती भीतीपोटी. कर्ज आहे म्हणजे नोकरी गेली, असे समजून उमेदवार कागद दडवू लागतात. वास्तविक, हप्ते वेळेवर जाणारे घरकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज हा दोष नव्हे. संवेदनशील कागद ज्याच्या हाताखालून जाणार, त्याला थकबाकीच्या अडचणीत गाठून कोणी वाकवू शकेल का, हा खरा प्रश्न असतो. अमेरिकेत तर गोपनीय माहिती हाताळण्याच्या मंजुरीसाठी आर्थिक वर्तन हा स्वतंत्र निकष आहे; मात्र आजारपणामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे झालेले कर्ज माणूस नेटाने फेडत असेल, तर ते तेथेही त्याच्या बाजूने धरले जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक चेक न वटल्याच्या प्रकरणात होते. ‘ही पैशांची केस, गुन्ह्याची नव्हे’ असे समजून अनेक जण पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन फॉर्ममध्ये प्रलंबित खटल्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहितात. परंतु चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 खालील खटला फौजदारी असतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पडताळणीच्या वेळी उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. खटला आहे तर तो लिहावा आणि तडजोडीचे कागद सोबत जोडावेत. त्याहून बरे म्हणजे नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरून टाकावी. मग या कलमाखाली खटलाच उभा राहत नाही.

म्हापशाच्या एका मुलाचा पतअहवाल, म्हणजे त्याच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, मी त्याच्या शेजारी बसून वाचला आहे. चवथीच्या सुमारास हप्त्यांवर घेतलेल्या मोबाईलचे 14,000 रुपये थकले होते. वसुलीवाल्याने सात हजारांत मिटवू म्हटले, याने मिटवले आणि पावती फेकून दिली. तीन वर्षांनी बँकेच्या नोकरीसाठी अहवाल काढला, तेव्हा त्या ओळीपुढे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) नव्हे, ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेले) असे होते. बँकांच्या भरतीत रुजू होताना पतइतिहास पाहिला जातो, त्यामुळे हा एक शब्द त्याची झोप उडवायला पुरेसा होता. उरलेली रक्कम भरून त्याने ना-हरकत दाखला घेतला, तेव्हा कोठे नोंद बदलली.

पतसंस्थेत मावसभावाला जामीन राहिलेल्यांनाही हे सांगायला हवे. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते, आणि कर्जदाराची थकबाकी तुमच्या अहवालात दिसू शकते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वीच अहवाल पाहावा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

रुजू झाल्यावर विषय संपतो, असेही नाही. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधील नियम 17 नुसार कर्जवसुलीचा दावा दाखल झाल्यास त्याची संपूर्ण माहिती कर्मचाऱ्याने ताबडतोब सरकारला कळवायची असते. कर्जबाजारीपणा उधळपट्टीतून नव्हे, तर आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे आला, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते. तेव्हा रुग्णालयाची बिले, हप्त्यांच्या पावत्या आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार एका फायलीत, तारखेप्रमाणे लावून ठेवावा.