बेंचमार्क चालवण्याआधीच मेटाडेटा लिहून ठेवा

रत्नागिरीत जूनमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे स्टोरेजच्या वेगाची चाचणी (बेंचमार्क) संपल्यावर मेटाडेटा, म्हणजे चाचणी कशी आणि कशावर घेतली ही माहिती, गोळा करणारी स्क्रिप्ट इथे कामाची नाही. चाचणी सुरू होण्याआधीच तिने फाइल लिहून, सिंक करून (म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरवून) मोकळं व्हावं. पूर्ण कमांड, प्रोसेसची संख्या, ब्लॉक आणि ट्रान्सफरचा आकार, फाइलसिस्टिम, कर्नलची आवृत्ती एवढं तर हवंच. पण रॅम किती हे मुळीच विसरू नका. चाचणीची फाइल रॅममध्ये मावत असेल, तर वाचनाचा दिसणारा वेग डिस्कऐवजी कॅशचा, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या प्रतीचा, असू शकतो. सहा महिन्यांनी हे ओळखायला हीच एक नोंद हाताशी असते.

निकाल छापील मजकुरातून उपसत बसू नका. एफआयओ आणि आयओआर ही चाचणीची दोन्ही साधनं जेसन (प्रोग्रामला थेट वाचता येणारा मजकूर) देतात, तेच वाचा. एककं मात्र जपून! एफआयओच्या जेसनमधला ‘बीडब्ल्यू’ (वेग) सेकंदाला किबीबाइटमध्ये (१,०२४ बाइट) असतो, आयओआर मेबीबाइटमध्ये सांगतो. मी सगळं बाइटमध्ये बदलून साठवतो आणि मूळ जेसन शेजारीच ठेवतो. एक मेबीबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट. सरळ दहा लाख धरले, तर जवळजवळ ५ टक्के चूक होते. समुद्राच्या लाटांचं गणित करणाऱ्या मॉडेलसाठी दोन डिस्कांतली एक निवडताना तेवढ्यानेही निवड उलटू शकते.