डाव्या हाताची तीन बोटं

माझा पोळीभाजीच्या डब्यांचा व्यवसाय. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच फुटायची. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "लसूण कोणत्या हातात धरता?" आणि उलगडा झाला. लसणातल्या एका घटकानेच बोटं फुटत होती. तो रबरी हातमोज्यातूनही आत शिरतो, म्हणून सोलायचं काम आता सूनबाईकडे.

भांडी घासताना आत सुती मोजे, वर रबरी. सुती ओले झाले की लगेच बदला. अंगठी आधी काढा, तिच्याखाली साबण अडकून राहतो. पाणी कोमटच. हात पुसू नका, टिपा, आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. दुकानातून मनाने मलम मात्र आणू नका गं, त्यात स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते. पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.