बेस गिटार एक स्वर खाली कशी उतरवावी

गायकाचा आवाज वरच्या सुरांत चिरकू लागला, की बँडमध्ये एकमताने ठरते की सगळ्यांनी एक स्वर खाली यायचे, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून पांढरी दोनवर. गिटारवादक दोन मिनिटांत खुंट्या सैल करून मोकळा होतो. बेसवादकाने मात्र त्याचे अनुकरण केले तर फजिती होते. पहिल्यांदा मी तेच केले होते, आणि सर्वांत जाड तार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) अशी फडफडली की आमच्या ड्रमरने सुतळी बांधली आहेस का, असे विचारले. बेसवादकांच्या गप्पांत हा किस्सा प्रत्येकाकडे थोड्याफार फरकाने असतोच.

याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ई ही सर्वांत जाड तार 41.2 हर्ट्‌झवरून डी म्हणजे 36.7 हर्ट्‌झवर आणली, की ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो. ब्लॅक सबॅथ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याला नेमके हेच हवे होते, कारण बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोके तुटली होती आणि सैल तारा दाबणे त्याला सोपे जाई. म्हणून 1971 पासून तो दीड स्वर खाली वाजवू लागला आणि बँडचा बेसवादक गीझर बटलर याचा बेसही त्याच्यासोबत खाली गेला. आपली बोटे शाबूत असतील, तर गेलेला ताण परत मिळवणे बरे, आणि त्यासाठी तारा जाड हव्यात.

नेहमीच्या 34 इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसवर बहुधा 45 ते 105 चा संच असतो; हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी सांगतात. एक स्वर खाली यायचे असेल, तर जाड तार 110 किंवा 115 ची असलेला संच घ्यावा. नवी तार नटच्या, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत पूर्ण बसते का, हे आधी पाहावे. ती वर तरंगत असेल तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्यावी, कारण कानस एकदा जास्त चालली की नट बदलावाच लागतो. पाच तारांचा बेस असणारे मित्र या सगळ्या खटाटोपाला हसतात, कारण त्यांना तो डी पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आयता मिळतो. तारा राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) घ्याव्यात की फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या), हा वाद मात्र न संपणारा आहे. एक जण द हू या बँडच्या बेसवादक जॉन एंटविसलचे नाव घेतो, ज्याच्यासोबत काम करून रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने 1966 मध्ये खणखणीत राउंडवाउंड तारा तयार केल्या. तर दुसरा लगेच मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचे, जो फ्लॅटवाउंड तारा तुटेपर्यंत बदलत नसे. रॉकसाठी माझे मत राउंडवाउंडच्या बाजूने आहे.

तारा एकेक करून बदलाव्यात, म्हणजे दांड्यावरचा ताण एकदम जात नाही. खुंटीपासून पुढे वीतभरापेक्षा थोडी कमी तार राखून ती काटकोनात मुडपावी आणि मुडपल्यावरच कापावी. न मुडपता कापली तर वरचे वेढे आतल्या गाभ्यावरून सुटू लागतात आणि तार मुकी होते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, पण ते वरून खाली उतरत जायला हवेत.

आता सूर लावायचे: जाड तारेपासून डी, जी, सी आणि एफ. सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. वरून खाली उतरवला तर खुंटीच्या दातांमधली ढील शिल्लक राहते आणि पहिल्या जोरदार आघाताला तार उतरते. फोनवरच्या ट्यूनरला इतका खालचा सूर नीट पकडता येत नाही, त्याची सुई इकडेतिकडे धावत राहते. अशा वेळी बाराव्या फ्रेटवर, तार न दाबता, बोट अलगद टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा वरचा सूर) काढावा, टोनची कळ कमी करावी आणि तार हळुवार छेडावी. मग तार हाताने थोडी उचलून ताणावी आणि पुन्हा लावावी. तीन-चार वेळा असे केल्यावर ती स्थिर होते.

कानाने लावायचे असल्यास डीच्या पाचव्या फ्रेटवरचा आणि जीच्या सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक एकत्र वाजू द्यावा. सूर जुळत आला, की दोघांतले हेलकावे मंदावत जातात. तंबोरा लावताना ज्यांनी हे ऐकले आहे त्यांना सांगायला नको. इथे एक बारकावा आहे: हेलकावा पूर्ण थांबवायचा नाही, साधारण सहा सेकंदांत एक एवढा राहू द्यायचा, आणि तोही जीची तार चढी ठेवून. प्रत्येक जोडीत तो थांबवत गेलात, तर शेवटची तार फ्रेटच्या हिशेबाने सहा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहा शतांश, उतरलेली राहते.

दांडा एक रात्र तसाच राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि दांडा जिथे धडाला मिळतो तिथे एकाच वेळी दाबून धरावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांमधली फट पाहावी. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर फट असली, तर ठीक. फट नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर येत असेल, तर ट्रस रॉड (दांड्याच्या आतली धातूची सळई) सैल करावा. फट जास्त असेल तर कसावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि अडला तर जोर लावू नये. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा ही तपासणी पुन्हा करावी लागते.

सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेले सूर बरोबर येतात का हे पाहणे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचे (धडावर तारा अडकतात तिथले) सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, मागे न्यावे, उतरलेला असेल तर पुढे आणावे, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावूनच तपासावे. जाड तारेचे सॅडल बहुधा बरेच मागे जाते, त्यात काही बिघडलेले नसते.

एवढे झाल्यावर घरातल्या शांततेत निकाल लावू नये. तालमीला जाऊन ड्रमसोबत, नेहमीच्या आवाजावर वाजवून पाहावे. थोडी खरखर राहिली असेल आणि ती अॅम्पमधून ऐकू येत नसेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा.