मुंबई प्राइड: चालायचं कसं, फोटो काढायचे कसे

मुंबईत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांसाठीचा प्राइड मार्च २००८ पासून निघतो, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. वेळ आणि मार्ग पोलीस परवानगीवर ठरतात, म्हणून आदल्या दिवशी आयोजकांची घोषणा पाहून घ्या. समलिंगी नसलात तरी चालायला या. टोपी, पाण्याची बाटली आणि मळलेले चालतील असे बूट पुरेत.

फोटोआधी संमती. कॅमेरा दाखवा, समोरच्याने मान हलवली तरच क्लिक करा. कुणी मास्क लावला असेल, ओढणीने चेहरा झाकला असेल तर कॅमेरा खालीच राहू द्या. कलम ३७७ चा निकाल २०१८ मध्ये लागला आणि प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण एका फोटोपायी आजही घर तुटू शकतं, नोकरी जाऊ शकते. गर्दी पाठीमागून टिपा. फलक आणि झेंडे तिथूनही छान येतात. चेहरा लपवायचा तर हलका ब्लर पुरत नाही, त्यावर भरीव रंगाचा ठिपका टाका.

३५ मिमी लेन्स, शटरचा वेग १/५०० सेकंद. १/१२५ ला नाचणारे हात पुसट येतात. उन्हात झेंड्यातला लाल रंग सपाट होतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) उतरवा. मोर्चासमोर उलटं चालू नका, धडका बसतात. वीसेक पावलं पुढे जाऊन कडेला थांबा.

पोस्ट करण्याआधी फोटोतली लोकेशनची नोंद पुसा. नंतर कुणी तो हटवायला सांगितला, तर कारण न विचारता हटवा.