मोठ्या डिझेल एसयूव्हीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं आणि कंपनीच्या आकड्याशी कसं ताडायचं

ब्रोशरमध्ये १४ लिहिलंय आणि हातात १० पडतंय, मग गाडीत नक्की काहीतरी बिघाड आहे असं धरून सर्व्हिसला पळण्याआधी हे वाचा. मी पळालो होतो, दिवसभर गाडी तिथे ठेवली, काहीच निघालं नाही, आणि नंतर कळलं की मी मोजतच चुकीचं होतो आणि ज्या आकड्याशी तुलना करत होतो तोही माझ्या वापराचा नव्हता.

आधी तो आकडा कुठल्या टेस्टचा आहे ते बघा. जुनी युरोपियन टेस्ट म्हणजे एनईडीसी, ती साधारण ११ किलोमीटरची, २० मिनिटांची आणि सरासरी वेग फक्त ३४ च्या आसपास. तिच्या जागी २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी आली, ती २३ किलोमीटरची, ३० मिनिटांची, सरासरी ४६ आणि कमाल वेग १३१, त्यामुळे तिचा आकडा वास्तवाच्या जास्त जवळ असतो. पण दोन्ही टेस्ट लॅबमध्ये रोलरवर होतात, एसी बंद असतो, वारा नाही, चढ नाही, मागे सामान भरलेलं नाही. अमेरिकेच्या ईपीएचा (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा) आकडा सगळ्यात कडक कारण त्यात एसी चालू ठेवून, थंडीत आणि जास्त वेगात अशा वेगळ्या टेस्टही धरतात. म्हणून एका गाडीचा एनईडीसीचा आकडा आणि दुसरीचा डब्ल्यूएलटीपीचा, अशी तुलना करून कुठली गाडी जास्त देते हे ठरवू नका, एकाच टेस्टचे आकडे शेजारी ठेवले तरच त्यांना अर्थ आहे.

मग किती फरक नॉर्मल समजायचा? एनईडीसीच्या काळात हा फरक वाढतच गेला, २००१ च्या गाड्यांमध्ये साधारण ९ टक्के होता तो २०१५ पर्यंत ४० च्या पुढे गेला. २०२१ पासून युरोपात नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळलं याची नोंद ठेवणारी सोय आली आणि त्या डेटावरून युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये जे सांगितलं त्यात डिझेल गाड्यांचा खरा खप डब्ल्यूएलटीपीपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त निघाला. ही सगळ्या डिझेल गाड्यांची सरासरी आहे. अडीच टनाची उंच गाडी रोज सिग्नलच्या गर्दीत फिरवत असाल तर यापेक्षा जास्त फरक पडला तरी दचकू नका.

युनिटचा घोळ पण मिटवून घ्या. बाहेरच्या देशांतले आकडे लिटर प्रति १०० किलोमीटर असे असतात, १०० ला त्या आकड्याने भागलं की आपलं किलोमीटर प्रति लिटर मिळतं, ८ असेल तर साडेबारा. आणि नुसता कार्बन डायऑक्साइडचा आकडा दिला असेल तर एक लिटर डिझेल जळून साधारण २.६५ किलो तयार होतो, म्हणजे ग्रॅम प्रति किलोमीटरला २६.५ ने भागा, २१२ असेल तर ८ लिटर.

आता मुख्य काम, मोजणी. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो इंजेक्टरने किती डिझेल सोडलं त्याच्या हिशोबावरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याचदा चार-पाच टक्के गोड दाखवतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, वरून थेंब थेंब भरत बसू नका. ओडोमीटरचं रीडिंग लिहा. नंतर प्रत्येक वेळी फुलच करा, शक्य असेल तर त्याच पंपावर, त्याच बाजूला उभी करून, कारण मोठ्या टाकीत गाडी जराशी तिरकी असली किंवा डिझेलला फेस जास्त आला तरी दोन लिटर इकडे-तिकडे होतात. ६० लिटर भरलं आणि २ लिटरची चूक झाली तर तीन टक्के गेले, म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढायचाच नाही. चार-पाच टाक्या झाल्या की सगळे लिटर एकत्र करा (पहिली भरलेली टाकी सोडून), एकूण किलोमीटरला त्याने भागा. मधल्या फिलिंगच्या चुका एकमेकींत जिरतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची चूक उरते आणि ती २४०-३०० लिटरच्या मानाने एक टक्क्याच्या आत येते. हे कळल्यापासून मी एका टाकीच्या आकड्यावर खूश पण होत नाही आणि वैतागत पण नाही.

इथे अजून एक चूक सगळे करतात. शहरात ८ आणि हायवेला १४ मिळतं, दोन्हीकडे सारखेच किलोमीटर चालवतो, म्हणजे ११, असं नसतं. १०० किलोमीटर शहरात साडेबारा लिटर जातात, १०० हायवेला साधारण ७.१, २०० ला १९.६ लिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम १०.२. ॲव्हरेजची सरासरी काढायची नाही, लिटर मोजायचे.

टायर मोठे टाकले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि तुमचं ॲव्हरेज उगाच वाईट दिसतं. जीपीएस लावून ५०-१०० किलोमीटर चालवा, जीपीएस १०० आणि गाडी ९६ दाखवत असेल तर सगळ्या किलोमीटरला १.०४ ने गुणा. पण ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टायर जड असतात आणि रस्त्याला जास्त धरतात, त्यामुळे थोडं ॲव्हरेज खरंच कमी होतं, ते गणिताने परत येत नाही.

खरा आकडा हातात आला की मग सुधारणा, आणि यात सगळ्यात मोठी गोष्ट वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० ला गेलात तर तो ४४ टक्के जास्त. छोट्या गाडीला पण हे लागू आहे, पण मोठ्या एसयूव्हीचं समोरचं अंग रुंद, उंच, म्हणून तिला जास्त महागात पडतं. चार-पाच टाक्या १०० च्या आत ठेवून काढून बघा, क्रूझ कंट्रोल असेल तर लावा, तुम्हाला दुसरं काही पटवून द्यावं लागणार नाही. छतावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा. टायरची हवा गाडी थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवर लिहिलेली, आणि लोड भरून निघताना जास्त आकडा दिलेला असतो तो वापरा. पार्ट-टाइम फोर बाय फोर असेल तर कोरड्या रस्त्यावर टू-व्हीलवरच ठेवा, नाहीतर ॲव्हरेज सोडा, गिअरबॉक्सच्या आतलं पण झिजतं. उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्शन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं आणि इंजिनचा ब्रेक पण मिळत नाही.

डीपीएफवाल्या (म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाड्यांना छोट्या फेऱ्या फार बाधतात. फिल्टरमधली काजळी जाळायला तो साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते. दोन-तीन किलोमीटर जाऊन इंजिन बंद केलं की ते काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आयडल आरपीएम थोडा वर गेलाय, पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय असं दिसलं तर बंद न करता पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्याला चालवून आणा.

एवढं सगळं करून तुमच्या चार टाक्यांच्या आकड्यापेक्षा सलग दोन टाक्यांचं ॲव्हरेज दहा टक्क्यांहून जास्त घसरलं, रस्ता, वेग, लोड काही बदललं नसताना, तर मात्र गाडी दाखवायची. जाण्याआधी एक चक्कर मारून थांबा आणि चारही रिमजवळ हात नुसता नेऊन बघा, लावू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय, आणि नोंदवही सोबत न्या म्हणजे मेकॅनिकला कुठल्या तारखेपासून फरक पडला ते सांगता येईल.