घरी बांधलेल्या विमानात आगीचा सेन्सर कसा बसवावा

पुढे इंजिन असलेल्या विमानात इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये असते ती फायरवॉल, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा स्टीलचा पत्रा. त्यापलीकडे काही पेटलं तर बसल्या जागेवरून दिसत नाही. म्हणून सेन्सर हवाच. मात्र सगळं ठीक आहे म्हणून गप्प असलेला सेन्सर आणि वायर तुटल्याने गप्प झालेला सेन्सर, दोघांचा दिवा सारखाच विझलेला असतो. माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यायला हवी.

सगळ्यात सोपा पर्याय थर्मल स्विचचा. ठरलेल्या तापमानाला आतली दोन धातूंची चकती उलटते आणि सर्किट जुळतं.

ते तापमान अंदाजाने ठरवू नका. एकदा तापलं की कायमचा रंग बदलणाऱ्या तापमानपट्ट्या मिळतात, त्या काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत चार-पाच ठिकाणी चिकटवा. कडक उन्हाच्या दिवशी पूर्ण ताकदीने चढाई करा. उतरल्यावर काऊलिंग न उघडता अर्धा तास विमान तसंच उभं ठेवा, कारण इंजिन बंद झालं की हवेचा झोत थांबतो आणि आतली उष्णता काही ठिकाणी आणखी चढते. जिथे स्विच बसणार तिथल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ५० अंश सेल्सिअस वरचा स्विच घ्या. वरचेवर खोटा इशारा आला की खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

ज्वाळा हवेबरोबर वाहते. म्हणून एक स्विच काऊलिंगमधली हवा जिथून बाहेर पडते तिथे, दुसरा कार्ब्युरेटर आणि इंधनाच्या नळ्यांजवळ. एक्झॉस्टच्या थेट धगीत एकही नको.

इंजिनाच्या बाजूला टेफ्लॉन किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर वापरा. फायरवॉलमधून ती स्टीलच्या फिटिंगमधून न्या आणि फट आगरोधक सीलंटने बुजवा. नुसतं रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसवायचं कडं) जळून जातं आणि ज्वाळेला आयतं भोक मिळतं.

आता जोडणी. स्वतंत्र फ्यूजमधून वीज लाल दिव्याकडे आणा. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून एक वायर फायरवॉलपलीकडे नेऊन प्रत्येक स्विचला जोडा. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक अर्थला, म्हणजे विमानाच्या धातूच्या सांगाड्याला. (विमान फायबरचं असेल तर अर्थसाठी वेगळी वायर ओढावी लागेल.) शेवटच्या स्विचवर थांबू नका. तीच वायर कॉकपिटमध्ये परत आणा आणि चाचणीच्या बटणातून अर्थला द्या. बटण दाबल्यावर दिवा लागला म्हणजे फ्यूज, दिवा आणि जाऊन-येऊन सगळी वायर शाबूत आहे. बटण जर दिव्यापाशीच जोडलं, तर पलीकडे तुटलेली वायर कधीच कळणार नाही.

स्विचची परीक्षा मात्र बटण घेत नाही. त्यासाठी इंजिन बंद आणि थंड असताना, काऊलिंग काढून, इंधनाचा वास किंवा गळती नाही याची खात्री करून हीट गनने एकेक स्विच तापवा. दर वार्षिक तपासणीला हे पुन्हा करा. दिवा भर उन्हात डोळ्यांत भरतो ना, तेही पाहा.

दिव्याशेजारी ठळक अक्षरांत लिहा: इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, विजेवरचा इंधनपंप बंद, केबिन हीटर बंद. हीटरची हवा फायरवॉलमधूनच येते, तो उघडा राहिला तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड थेट आत शिरतात. जमिनीवर डोळे मिटून त्या तिन्ही ठिकाणी हात नेण्याचा सराव करा. चाचणीचं बटण दर उड्डाणाआधीच्या चेकलिस्टमध्ये, इंजिन सुरू करण्याच्या आधीच्या ओळीवर घाला.