वाचनालयातल्या पुस्तक चर्चा गटात जायचंय? मग आधी हे वाचा

वाचायला आवडतं पण वाचलेल्यावर बोलायला घरात कोणी नाही, अशी ठाण्यात आणि नवी मुंबईत खूप माणसं आहेत. त्यांना वाचनालयातल्या चर्चा गटाबद्दल सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, आमचं वाचन काही फार नाही हो, तिथे जाऊन आम्ही काय बोलणार? तर त्याचं उत्तर आधीच देते. मत घेऊन जाऊ नका, पान घेऊन जा. म्हणजे पुस्तकातली एक जागा, जिथे तुम्ही थांबलात, चिडलात, किंवा कळलं नाही म्हणून परत मागे जाऊन वाचलंत, तेवढी एक जागा खूण करून नेली की तुमची तयारी झाली. "पुस्तक छान आहे" म्हटलं की समोरचा "हो ना" म्हणतो आणि विषय संपतो. पण "इथे सून सासऱ्यांना चहा देते आणि काही न बोलता आत निघून जाते, ती रागावलीय की घाबरलीय?" असं विचारलंत की खोलीतली निम्मी माणसं पुढे सरकून बसतात, आणि मग पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता गट शोधायचा कसा. फक्त गूगलवर अवलंबून राहू नका, कारण असे बरेच गट नोटीस बोर्डावरच्या एका कागदावर आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतात, बाहेर त्यांचा पत्ताच लागत नाही. सरळ वाचनालयात जा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 साली सुरू झालेलं, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी, आणि नगर वाचन मंदिर तर त्याहूनही जुनं. नवी मुंबईत जरा वेगळं आहे, तिथे सगळं नोड (म्हणजे वाशी, ऐरोलीसारखे विभाग) आणि सेक्टरप्रमाणे विखुरलेलं, त्यामुळे आधी आपल्याच सेक्टरमध्ये चौकशी करा, महापालिकेचं वाचनालय, ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र, वाशीचं साहित्य मंदिर, ऐरोली सेक्टर 15 मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आणि तिथलं ग्रंथालय. गट चालू आहे की नाही, सध्या कोण बघतं, हे तिथल्या काउंटरवरच कळेल. आणि छोट्या वाचनालयाला कमी लेखू नका प्लीज. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, पण तो वर्ग तिथल्या गप्पांना लागू होत नाही, एका खोलीतल्या ड वर्गाच्या वाचनालयात आठ माणसं जे बोलतात ते मोठ्या हॉलमध्ये माइकवर बोलता येत नाही.

चौकशीला संध्याकाळी साडेसहा-सातला जाऊ नका, ऑफिसवरून येणाऱ्यांची देवघेवीला रांग असते आणि काउंटरवरच्या मॅडमना मान वर करायला वेळ नसतो. दुपारी किंवा सकाळी उशिरा जा, साप्ताहिक सुट्टी कधी ते आधी बघून घ्या. विचारायचं काय, तर गट किती वाजता भरतो आणि खरंच किती वाजता सुरू होतो, पुस्तक कोण ठरवतं, सगळे एकच पुस्तक वाचून येतात की प्रत्येक जण आपण वाचलेल्याबद्दल सांगतो, आणि सभासद नसलेल्याला एकदा नुसतं बसून ऐकता येतं का. शेवटून दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकच पुस्तक असेल तर खरी चर्चा होते, वाद होतो. प्रत्येकाचं वेगळं असेल तर ती ओळख करून देणं असतं, त्यातून वाचायच्या पुस्तकांची यादी छान मिळते, पण तुमच्या पानावर बोलायला तिथे दुसरं कोणी नसतं. मला विचाराल तर पहिला प्रकार निवडा.

सभासदत्वाचं फार काही नाही. फॉर्म, फोटो, पत्त्याचा पुरावा, प्रवेश फी, परत मिळणारी अनामत आणि मग महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. अनामतीची पावती मात्र नीट सांभाळून ठेवा, वर्गणीच्या पावतीत मिसळू नका.

पुस्तक मिळवणं हे खरं काम आहे. गटात पंधरा माणसं आणि वाचनालयात त्या पुस्तकाच्या दोन प्रती, हे नेहमीचंच. म्हणून पुढचं पुस्तक जाहीर झालं की त्याच दिवशी काउंटरवर नाव नोंदवा, आणि हातात आलं की महिनाभर घरात ठेवू नका, आठवड्याभरात वाचून परत करा म्हणजे पुढच्याला मिळेल. दोन-तीन जणांनी मिळून एक प्रत विकत घेतली तरी चालतं. पण मग आवृत्त्या वेगळ्या होतात, तुमचं पान 84 म्हणजे शेजारच्या काकांचं पान 97, आणि चर्चेची पहिली पाच मिनिटं पानं शोधण्यात जातात. यावर सोपा उपाय, पानाच्या जोडीला प्रकरणाचा नंबर आणि त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहून ठेवा. स्टोरीटेलसारख्या ऑडिओबुक ॲपवर ऐकणाऱ्यांनीही असंच करा, प्रकरण आणि मिनिट लिहून ठेवा. ऐकणं म्हणजे वाचणं नाही असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, ठाणे ते वाशी उभ्याने जाणाऱ्या माणसाने कानाने पुस्तक पूर्ण केलं तर ते पूर्णच झालं.

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलनेसुद्धा खुणा करू नका. जुन्या बिलाच्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवा, जिथे अडाल तिथे पट्टी घाला, पट्टीवर दोन-तीन शब्द लिहा, "ही खोटं का बोलते", "इथे कंटाळा आला", "हे गाव कुठलं", बस एवढंच. कंटाळा आला हेही लिहा, ते फार कामाला येतं, कारण जिथे तुम्हाला कंटाळा आला तिथेच दुसऱ्या कोणालातरी रडू आलेलं असतं आणि तो फरक कशामुळे हे शोधणं म्हणजेच चर्चा. वाचून झालं की सगळ्या पट्ट्या परत बघा, त्यातली एक ठेवा, फार तर दोन. त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे पुस्तक परत केलं तरी हाताशी राहील.

पुस्तक अर्धंच झालं असेल तर? तरी जा. फक्त आधीच सांगा की माझी सात प्रकरणं झालीत, आणि शेवट सांगू नका अशी विनंती करू नका, चर्चेत शेवट येणारच. समीक्षा, यूट्यूबवरचे व्हिडिओ, लेखकाच्या मुलाखती हे सगळं चर्चेनंतर बघा. आधी बघितलं की आपण दुसऱ्याचंच बोलायला लागतो आणि ते लगेच कळतं.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. रविवारचा गट असेल आणि तुम्ही ट्रान्स हार्बर लोकलने येणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, वाचन किती कमी आहे याची माफी मागत बसू नका, त्याची गरज नसते. गोलात बसायचं असेल तर गट चालवणाऱ्यांच्या अगदी शेजारी बसू नका, समोर बसा, म्हणजे तुम्हाला बोलायचंय हे त्यांना दिसतं. पहिला अर्धा तास ऐका. मग संधी मिळाली की आपली जागा आधी वाचून दाखवा, चार-पाच ओळी, सावकाश, आणि मग प्रश्न विचारा. वाचून दाखवणं सोडू नका. मोठ्याने वाचलं की ज्यांनी ते पान भरभर उलटलेलं असतं तेही थांबतात आणि बोलणं परत पुस्तकावर येतं, नाहीतर आपल्याकडची चर्चा पंधराव्या मिनिटाला "आमच्या वेळी असं होतं" वर जाते.

म्हणजे आठवणी सांगूच नयेत असं अजिबात नाही. गटात साठी-सत्तरीचे लोक बरेच असतात आणि कादंबरीत गिरणीचा भोंगा आला तर तो प्रत्यक्ष ऐकलेला माणूस त्याच खोलीत बसलेला असू शकतो, हे भाग्य समजा. त्यांना बोलू द्या. फक्त त्यांचं सांगून झालं की विचारा, "काका, मग या पुस्तकात ते तसंच आलंय का, की लेखकाने काही वगळलंय?" काकांनाही आवडतं, आणि सगळे परत पानावर येतात. कोणी फारच वेळ घेत असेल तर ते थांबवायचं काम गट चालवणाऱ्यांचं, नव्या माणसाने करू नये.

वाद होतील, विशेषतः जात, धर्म, बाईने कसं वागावं असे विषय आले की. तिथेही तेच, "तुम्ही असं कसं म्हणता" ऐवजी "पुस्तकात हे कुठे दिसलं तुम्हाला?" एवढंच विचारा. समोरच्याने जागा दाखवली तर आपल्याला नवीन काहीतरी कळतं, नाही दाखवता आली तर तो स्वतःच थोडा शांत होतो. आणि तो वाद व्हॉट्सॲपवर रात्री अकराला पुढे चालवू नका, कितीही चांगला मुद्दा सुचला तरी तो पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवा.

एकदा जाऊन आवडलं नाही म्हणून सोडू नका, निदान तीनदा जा. पुस्तकागणिक गट बदलतो, आत्मचरित्राला गप्प बसलेली माणसं कवितेला भरभरून बोलतात. दिवाळीनंतरचे दोन महिने नवीन माणसासाठी चांगले, कारण तेव्हा दिवाळी अंकातल्या एखाद्या कथेवर चर्चा ठेवता येते, ती दोन बैठकीत वाचून होते आणि वाचनालयात अंकांची वेगळी योजना असते. 1909 मध्ये का. र. मित्रांनी त्यांच्या मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा आहे, तिचा उपयोग करून घ्या. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलचा पुस्तक दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या सुमारास वाचनालयात काही ना काही कार्यक्रम असतो आणि तुमच्यासारखी नवीन माणसंही आलेली असतात, तेव्हा ओळखी पटकन होतात.

आणि तीनदा जाऊनही जमलं नाही, किंवा तुमच्या भागात गटच नाही, तर ग्रंथपालांना भेटून महिन्यातून एक दिवस दीड तास जागा मागा. लेखी अर्ज द्या, तोंडी बोलणं विसरलं जातं. चार माणसं पुरतात. सुरुवात कादंबरीने करू नका, लोक वाचून येत नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात गट बंद पडतो. एक कथा घ्या, वीस-पंचवीस मिनिटांत वाचून होईल अशी, तिथेच आळीपाळीने मोठ्याने वाचा आणि लगेच बोला, म्हणजे कोणी न वाचता आलाय हा प्रश्नच येत नाही, शाळेतली पोरं आणि डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजी दोघांनाही बसता येतं. चार-पाच महिने असं चाललं की मग कादंबरी, तीही दोनशे पानांच्या आतली आणि वाचनालयात किमान तीन प्रती असलेली. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका, दोनच जण आले तरी त्या दिवशी दार उघडं ठेवा आणि कथा वाचा.